खटपट्याचा सर्व्हर

माझा धाकटा भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करतो. त्याला चांगलं नाव आहे, पण ते दुकानाच्या पाटीपुरतं. घरात, गल्लीत आणि त्याच्या बायकोच्या तोंडीसुद्धा तो खटपट्याच. लहानपणी त्यानं वडिलांचं घड्याळ उघडून त्यातली चाकं एका ताटलीत ओळीनं मांडली होती, तेव्हा आईनं हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. ते घड्याळ पुन्हा चाललं की नाही याबद्दल आम्हा भावंडांत अजून दोन मतं आहेत. चाललं, असं एकट्या त्याचं मत आहे.

त्याचं दुकान माझ्या घराजवळच्याच एका इमारतीत तळमजल्यावर आहे. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा. दुकानात कापडाचा बारीक तूस सतत उडत असतो आणि तो माणसांच्या भुवयांवरसुद्धा बसतो. गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की खटपट्या आधी त्याला गप्प बसवतो. मग हातानं चाक फिरवतो, डोळे मिटतो आणि ऐकतो. सुईखालचं शटल घासतंय, पट्टा सैल झालाय, सुई खाली अडतेय, जे असेल ते त्याला आवाजावरून कळतं. माणसांच्या बाबतीत मात्र हा ठार बहिरा आहे, असं मी बरीच वर्षं समजत होते.

त्याच्या वेबसाइटची सुरुवातही अशीच झाली. दुसऱ्या गावी राहायला गेलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं एकदा फोन चालू मशीनशेजारी धरला आणि विचारलं, दादा, हे काय वाजतंय? यानं इथून सांगितलं, तिनं तिथं दुरुस्त केलं. मग तिनं मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीनं आणखी कोणाला. खटपट्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करते. तिनं बापाला वेबसाइट करून दिली. लोक आपल्या मशीनचा आवाज रेकॉर्ड करून तिथं टाकतात आणि हा खाली उत्तर लिहितो. आता तिथं इतके आवाज जमलेत की नवा माणूस आधी जुन्यांत आपला आवाज शोधतो. खडखड, कटकट, चिरचिर, असे त्याचे विभाग आहेत. घरी एकच मशीन असलेल्या बायकांना याचा मोठा आधार आहे, कारण मशीन थांबलं की त्यांचं काम थांबतं.

वेबसाइट कुठल्यातरी कॉम्प्युटरवर राहते आणि तो कॉम्प्युटर अखंड चालू ठेवावा लागतो. त्याला सर्व्हर म्हणतात. भाचीनं सांगितलं होतं की तो आपल्या घरीही ठेवता येतो, नाहीतर एखाद्या कंपनीकडे जागा घेता येते आणि मग सगळी देखभाल ती कंपनी बघते. खटपट्या कसला ऐकतोय. ज्यानं आयुष्यात कधी पंक्चरसुद्धा दुसऱ्याकडून काढून घेतलं नाही, तो आपली वेबसाइट परक्याच्या हाती देणार होता थोडाच. त्यानं जुना कॉम्प्युटर आणला, स्वतः जोडला आणि दुकानात ठेवला. तिथं त्याचे हाल झाले. मोठी मोटर तपासायला लावली की दुकानातले दिवे मान टाकायचे आणि सर्व्हर बंद पडायचा. बाकी वेळ त्याच्या पंख्यात तूस जाऊन तो धापा टाकायचा.

माझे यजमान गेले त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी हा एका सकाळी तो डबा छातीशी धरून माझ्या दारात उभा राहिला. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दम लागलेला असतानाच म्हणाला, "ताई, हा तुझ्याकडे ठेवतो. तुझ्याकडे आता जागा आहे."

ही बोलायची पद्धत. माणूस जाऊन किती दिवस झालेत आणि हा म्हणतो जागा आहे. वर तो डबा त्यानं यांच्याच टेबलावर ठेवला, खिडकीशी, जिथं हे वर्तमानपत्र वाचत बसायचे. मी त्याला चहा दिला, पण शब्द दिला नाही. जन्मभर टेलिफोन ऑफिसात ऑपरेटरचं काम केल्यामुळे माझ्या घरची लाइन उत्तम आहे, धूळ कमी आहे, वीज स्थिर आहे, असं तोच बडबडत राहिला. खरं तर मी त्याला तो डबा परत न्यायला लावणार होते. पण दुसऱ्या दिवशी तो पंखा साफ करायला आला, तिसऱ्या दिवशी वायर बघायला आला, आणि मग तो रोजच येऊ लागला.

इथं आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. कामाशिवाय कोणाच्या उंबऱ्यावर जायचं नाही, हा वडिलांचा नियम. गेलात तर आधी काम सांगा, झालं की उठा. आमचे एक काका माझ्या भाचीच्या जन्मानंतर तिला बघायला आले, तेव्हा बरोबर बिघडलेली इस्त्री घेऊन आले होते. इस्त्री दुरुस्त होईपर्यंत त्यांनी बाळाला मांडीवरून खाली ठेवलं नाही, आणि इस्त्री झाल्यावर एक मिनिटही थांबले नाहीत. लोक ताकाला जाऊन भांडं लपवतात. आमच्याकडची माणसं भांडं उघड मिरवत नेतात, ताक मागतात, आणि खरं म्हणजे त्यांना नुसतं बसायचं असतं. "सहज आलो" हे वाक्य आमच्यात कोणी उच्चारलेलं मला आठवत नाही.

तर खटपट्या रोज सकाळी दुकान उघडण्याआधी सर्व्हरच्या कामासाठी यायचा. हवेचा हातपंप घेऊन डब्यातली धूळ उडवायचा. स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक डब्यावर आणि दुसरं कानावर ठेवून पंखा ऐकायचा. मग चहा यायचा, आणि रात्रीतून आलेले नवे आवाज आम्ही दोघं त्याच्या फोनवर ऐकायचो. माझाही कान काही कमी नाही. लाइनवरच्या खरखरीवरून तार कुठं भिजली असेल हे मी सांगायची. आमची भांडणं व्हायची. मी म्हणायची सुई, तो म्हणायचा शटल. मी बरोबर निघाले तर तो म्हणायचा, रेकॉर्डिंगच खराब होतं.

सर्व्हरची जबाबदारी मी मनापासून घेतली होती. त्याच्या प्लगला कोणाला हात लावू दिला नाही. मैत्रिणीनं चार दिवस राहायला बोलावलं, तरी घरी कोणीतरी असायला हवं म्हणून गेले नाही. भावजय एकदा हसून म्हणाली, ताई, तान्हं मूल तरी बरं. मी तिला म्हटलं, तान्हं मूल निदान रडून सांगतं, हे मेलं मुकाट्यानं बंद पडतं.

आणि सांगायला मला लाज वाटत नाही, तो आला नाही तर माझ्या घराची बेल दिवसभर वाजत नव्हती.

या पावसाळ्यानंतर मला जिन्यातून एक वेगळा आवाज येऊ लागला. खटपट्याची चप्पल मला तळमजल्यापासून ओळखू येते. पूर्वी तो एका दमात वर यायचा. आता दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चप्पल थांबायची, आणि थांबायची ती बराच वेळ. पुढे एकेक पायरी यायची, दोन्ही पाय एकाच पायरीवर टेकवत. दारात आल्यावर मात्र साहेब हसतमुख. मी विचारलं की म्हणायचा, खालच्या शेजाऱ्याशी बोलत होतो. खालचा शेजारी घर बंद करून मुलाकडे गेला होता, हे याला ठाऊक नव्हतं.

मग एके दुपारी भावजय आली. तीही आता आमच्या घराण्यात मुरलेली आहे, त्यामुळे माझा एक डबा परत करण्याचं काम घेऊन आली होती. डबा टेबलावर ठेवून तिनं सांगितलं की यांच्या गुडघ्याची झीज झालीये, डॉक्टरांनी जिने चढायला साफ मनाई केलीये, आणि हे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. काही बोललं की म्हणतात, सर्व्हर कोण बघणार. मग म्हणाली, "ताई, तुमचंच ऐकतील ते. ती वेबसाइट एकदाची कंपनीकडे द्यायला सांगा ना."

मी बरं म्हटलं. ती गेल्यावर मी बराच वेळ सर्व्हरच्या डब्यासमोर बसून होते. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. वेबसाइट कंपनीकडे गेली की हा डबा जाणार, डबा गेला की त्याचं काम संपणार, आणि काम नसताना तो येणार नाही. आमच्यातलं कोणीच येणार नाही. हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि मला ते नको होतं. भावाचा गुडघा झिजत असताना बहिणीनं असा विचार करावा, हे बरं नव्हे. पण विचार काही परवानगी मागून येत नाही.

मी भाचीला फोन लावला. म्हटलं, नीट समजावून सांग, घरचा सर्व्हर बरा की कंपनीचा? एरवी ही पोरगी विचारायच्या आत मत देते. त्या दिवशी मात्र काठावर बसली. घरचा असला की सगळं आपल्या हातात, हवं ते हवं तसं करता येतं, पण बिघडलं की धावायचंही आपणच. कंपनीकडे दिलं की रात्री-अपरात्रीची चिंता नाही, पण ते सांगतील तशा चौकटीत राहायचं. दोन्हींचे फायदे आहेत, आत्या. मी म्हटलं, ते मला कळलं, बाबांच्या गुडघ्याला कशाचा फायदा ते सांग. त्यावर तिला अचानक ऑफिसातलं काम आठवलं.

दुसऱ्या दिवशी खटपट्या आला, तेव्हा चहा देण्याआधीच मी विषय काढला. म्हटलं, हे ओझं आता मला नको. डबा घेऊन जा आणि वेबसाइट कंपनीकडे दे. तू जिने चढायचे नाहीस.

तो स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बसला होता. तसाच राहून म्हणाला, कंपनीचं काय सांगतेस, तिथं आपलं कोण बसलंय. त्यांच्याकडे हजारो वेबसाइटी, आपल्या मशीनचा पंखा वाजला तर कोणाला ऐकू येणार? मी म्हटलं, त्यांच्याकडे पगारी माणसं असतात. तो म्हणाला, पगारी माणसं आणि घरची माणसं यांत फरक आहे. मी म्हटलं, गुडघा गेला की घरची माणसंच तुला उचलणार आहेत. असं आमचं चाललं. शेवटी त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता बोलला.

"मशीन जिथं चालू असतं, तिथं रोज कोणीतरी जावं, ताई. नुसतं चालतंय म्हणून सोडून देऊ नये."

मला वाटलं, हा हट्टीपणा आहे. मी म्हटलं, आठवड्याभरात डबा नेला नाहीस तर मी प्लग काढेन. तो खाली गेला. दुसऱ्या मजल्यावर चप्पल थांबली, तशी मी दार लावून घेतलं. मला ते ऐकवत नव्हतं.

प्लग काढायची वेळ माझ्यावर आली नाही. दोन दिवसांनी गल्लीतली वीजतार बदलायचं काम निघालं आणि ऐन दुपारी आमच्या इमारतीची वीज गेली. सर्व्हरच्या खाली एक बॅटरी असते, ती जरा वेळ पीं पीं करत राहिली, मग तीही गप्प झाली आणि तो हिरवा दिवा विझला. मी घाबरले. राग आपल्या जागी, पण त्या बायकांची मशीनं कोण बघणार? मी खटपट्याला फोन केला. पूर्वी असं झालं की तो हातातलं काम टाकून धावत यायचा. आज म्हणाला, असू दे ग, येईल वीज, तू आराम कर. आणि त्यानं फोन ठेवून दिला.

मला त्याचा संताप आला. बंद पडलेली वेबसाइट लोकांना कशी दिसते ते तरी बघावं, म्हणून मी माझ्या फोनवर ती उघडली.

ती उघडली. सगळे विभाग जागच्या जागी होते. मी खडखड विभागातला एक आवाज लावला, तो वाजला. नवीन आवाजांत एका बाईनं नुकतंच काहीतरी टाकलं होतं आणि त्याखाली खटपट्याचं उत्तर होतं, तेही माझ्याशी बोलून झाल्यानंतरचं. मी टेबलाकडे पाहिलं. डबा पार थंड पडला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तरीही मी भाचीला फोन केला आणि म्हटलं, सर्व्हर बंद आहे आणि वेबसाइट चालू आहे, हा काय चमत्कार?

ती म्हणाली, आत्या, बाबांनी मला शपथ घातली होती.

मग तिनं सगळं सांगितलं. मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या डब्यातला मुख्य भाग जळाला होता. मला ते आठवत होतं, खटपट्या माझ्या चटईवर सगळं उघडून बसला होता. त्या दिवसांत वेबसाइट बंद राहिली आणि एका बाईचं कपडे शिवून द्यायचं काम उत्तराअभावी हातचं गेलं. ते त्याच्या मनाला फार लागलं. त्यानं स्वतःच मुलीला सांगितलं, आता माझा हट्ट पुरे, कंपनीकडे दे. तिनं देऊन टाकली. तेव्हापासून वेबसाइट तिथंच आहे आणि एकदाही बंद पडलेली नाही.

"मग हा डबा काय करतो?" मी विचारलं.

"काही नाही, आत्या. नुसता चालू असतो. मी बाबांना म्हटलं होतं, आता तो घेऊन येऊ का. तर म्हणाले, राहू दे, त्याच्या पंख्याकडे बघायला जावं लागतं."

फोन ठेवल्यावर आधी मला राग आला, तो चांगला सणसणीत आला. त्या रिकाम्या डब्यासाठी मी मैत्रिणीकडे गेले नव्हते. पाहुण्यांच्या पोरांवर डोळे वटारले होते. त्याच्या पंख्याची घरघर वाढली म्हणून जिवाला घोर लावून घेतला होता. भावानं मला चक्क बनवलं होतं. मी दोनदा फोन उचलला त्याला झापायला आणि दोनदा खाली ठेवला. कारण रागाच्या मागोमाग मला ते जिन्यातलं वळण ऐकू येऊ लागलं. तिथं थांबलेली चप्पल, आणि मग एकेक पायरी. काही न करणाऱ्या डब्याची धूळ उडवायला हा माणूस तो गुडघा घेऊन रोज तीन मजले चढत होता. आणि तुझ्याकडे आता जागा आहे, हे त्यानं त्या पहिल्या दिवशी काय बघून म्हटलं होतं, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. मी यांच्या रिकाम्या खुर्चीत बसून पोटभर रडले. मग उठून डबा स्वच्छ पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. वीज आली होती, हिरवा दिवा पुन्हा लुकलुकत होता. त्यानं झाकण उघडलं, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला आणि मान डोलावली. मी समोर चहा ठेवला आणि म्हटलं, "कंपनीचं राहू दे. माझा विचार बदलला. पण हा डबा आता तुझ्याकडे नेऊ."

तो म्हणाला, दुकानात कसा ठेवणार, तिथं धूळ किती असते ते तुला माहीत आहे.

"म्हणूनच. तिथं रोज पुसावा लागेल. तुला दुकानातून सवड नाही आणि तुझ्या बायकोला त्यातलं कळत नाही. मी येत जाईन सकाळी."

"मोटर लावली की वीज मान टाकते तिथं," तो म्हणाला. "मधेच साइट बंद पडली तर?"

"नाही पडणार," मी म्हटलं.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर कानावरून काढला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग तो खाली बघून झाकणाचा स्क्रू पिळत बसला, आधीच घट्ट बसलेला. कान मात्र लाल झाले होते त्याचे, लहानपणी घड्याळाच्या वेळी झाले होते तसे. थोड्या वेळानं त्यानं विचारलं की पुसायला कापड कुठलं वापरतेस. मी म्हटलं, सुती. म्हणाला, हां, सुतीच बरं.

रविवारी भाचीनं डबा खाली नेला. ती सबंध जिनाभर माझ्याकडे चोरून बघत होती आणि मी तोंडात मूग धरून होते. दुकानात मागच्या पडद्यालगत, तूस सगळ्यात जास्त बसतो तिथंच मी त्याची जागा नक्की केली. खटपट्यानं वायर जोडली, दिवा लागला.

सोमवारी मी गेले. उंबऱ्याशीच सांगितलं, सर्व्हर पुसायला आलेय. खटपट्यानं एका मशीनवरून डोकं वर न करता स्टूल पुढे सरकवलं. मी डबा पुसला, पंखा ऐकला, चहा झाला, नवे आवाज ऐकून झाले. त्यातल्या एकावरून आमचं वाजलंसुद्धा. मग काम झालं, म्हणून रीतीप्रमाणे मी उठले आणि कापड झटकून पिशवीत टाकू लागले.

भावजय पडद्याआडून आली. तिनं माझ्या हातातलं कापड घेतलं आणि डब्याशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलं.

"कापड इथंच राहू दे, ताई," ती म्हणाली. "दुपारी पुन्हा धूळ बसते."